कच्चे मडके आणि फुटके मडके : श्रीसंत गोरोबाकाकांचे चरित्र

चैत्र वद्य त्रयोदशी हा श्रीसंत गोरोबाकाकांच्या समाधीचा दिवस. त्या दिवशी तेरेस जावे, काकांच्या समाधीवर मस्तक ठेवावे, अशी प्रत्येक वारकऱ्याची इच्छा असते. पण वयाने साठी ओलांडली की इच्छा पुढे धावते आणि पाय मागे राहतात. यंदा हा पुण्यदिवस आम्हांस रायगड जिल्ह्यात, अंबा नदीच्या काठी, नागोठणे मुक्कामी घडला. तेथे हरिनाम सप्ताह चालू होता, आणि त्या रात्रीच्या कीर्तनात काकांचे चरित्र सांगण्याची सेवा आमच्याकडे आली होती.

हे चरित्र आम्ही चाळीस वर्षे सांगत आलो. चाक, माती, थापटणे, आवा हे शब्द जिभेवर इतके घोळले आहेत की विचारू नका. पण सज्जनहो, खरे सांगावयाचे तर भाजलेला आवा उघडताना आम्ही जन्मात पाहिला नव्हता. पाठशाळेत तर्कसंग्रह घोकला, घट, घटत्व, घटाभाव यांवर घटका घटका वाद केला. पण ज्या घटावर वाद केला तो ओला असताना कधी हाती धरला नाही. म्हणून त्या सकाळी काकडा झाल्यावर आम्ही गावाशेजारच्या एका कुंभाराच्या घरी गेलो. त्या घराशी आमचा एक जुना धागा आहे. तो शेवटी सांगू.

उन्हाळ्याचे दिवस, माठांचा हंगाम. निवलेला आवा त्याच सकाळी उघडला होता. राख बाजूस सारून घरधनी एकेक माठ उचली, बोटाच्या पेराने त्यावर टकटक करी, कान देई आणि ठेवून देई. खणखणीत वाजला तो उजवीकडे; तो बाजारात जाणार. बद्द वाजला तो डावीकडे. डावीकडचा ढीग काही लहान नव्हता. आम्ही सहज विचारले की याचे आता काय, उकिरड्यावरच ना? तो हसला. म्हणाला, बुवा, इतक्या लवकर कसे टाकता? आणि त्याने आम्हांस तीन राशी दाखवल्या.

पहिली रास आव्यात गेलेलीच नव्हती. वाळताना चिरलेली, काठ वाकलेली, बूड बसलेली कच्ची मडकी एका कोपऱ्यात होती. ती पाण्यात टाकायची, विरघळली की गाळायची, पुन्हा तुडवायची आणि चाकावर चढवायची. काही वाया जात नाही. दुसरी रास आव्याच्या कडेला राहून अर्धवट भाजलेल्यांची. त्यांना आग लागलेली, म्हणून ती पुन्हा नीट माती होत नाहीत. आणि आग पुरती लागलेली नाही, म्हणून ती पाणी धरीत नाहीत. ती पुढच्या आव्यात मधोमध ठेवायची. तिसरी रास तडकलेल्यांची. कोणी ओलसरच आव्यात गेले आणि आतल्या वाफेने फुटले. कोणाच्या मातीत खाडीकडचा शिंपल्याचा तुकडा राहिला, त्याचा आगीत चुना झाला आणि तो चुना दमट हवेने फुगून त्याने भाजलेले मडके फोडले. त्यांची खापरे होतात. तीही टाकायची नाहीत. पुढच्या आव्यावर तीच पांघरायची, म्हणजे आतली ऊब राहते. काही कुटून, चाळून मातीत मिसळायची, म्हणजे नवे भांडे आगीत तडकत नाही.

मग त्याने एक गोष्ट सांगितली ती आम्ही गाठीला बांधली. कच्चे मडके वाजते बद्द, आणि फुटके मडकेही वाजते बद्द. कानाला दोन्ही सारखीच. म्हणून नुसत्या आवाजावर मडके फोडायचे नाही. हातात घ्यायचे, उजेडाकडे फिरवायचे, चीर आहे की नुसता कच्चेपणा आहे ते पाहायचे, आणि मग ते कोणत्या राशीला घालायचे ते ठरवायचे.

आम्ही क्षणभर मुके झालो. कारण काकांचे अवघे चरित्र या तीन राशींत मांडलेले आम्हांस दिसले. तेच आज वाचकांपुढे ठेवतो.

तेर हे गाव धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, तेरणा नदीच्या काठी आहे. आज ते लहान दिसते, पण एके काळी हेच तगर नावाचे महानगर होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरचे फार मोठे नगर म्हणून त्याचा उल्लेख आहे. तेथला माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरी जाई आणि तेथून समुद्रापार. भाजक्या विटांचे त्रिविक्रमाचे प्राचीन मंदिर तेरेस आजही उभे आहे. काकांच्या काळी तगराचे वैभव कधीच सरले होते. पण तेरणेकाठची माती तीच होती आणि ती माती ओळखणारे हातही होते.

अशा गावी माधवबुवा आणि रखुमाबाई हे कुंभार दांपत्य राही. ग्रामदैवत काळेश्वर, त्याची त्यांना निष्ठा. त्यांच्या पोटी शके ११८९, म्हणजे इसवी सन १२६७ मध्ये काकांचा जन्म झाला असे परंपरा मानते. जन्माची कथा मोठी करुण आहे. या दांपत्याची आठ मुले एकामागून एक गेली आणि काळेश्वराजवळच्या जागेत त्यांनी ती आपल्या हातांनी पुरली. पुढे पांडुरंग ब्राह्मणवेषाने आला, त्याने ती पुरलेली मुले बाहेर काढवली, आणि त्यांतला धाकटा आईबापांच्या ओटीत घातला. गोरीतून, म्हणजे पुरलेल्या खड्ड्यातून, काढला म्हणून नाव गोरोबा. पाहा, या पुरुषाचे नावच मुळी असे पडले की जगाने संपले म्हणून मातीत लोटलेले देवाने परत उचलले. पुढे सारे संत त्यांना काका म्हणत, कारण त्या मेळ्यात ते वयाने वडील होते. वडीलपणाचा अर्थ पुढे येईल.

काका जातीचा धंदा सोडून रानात गेले नाहीत. पहाटे माती आणावी, भिजत घालावी, तुडवावी, चाक फिरवावे, आवा लावावा, आणि हे सारे करताना मुखाने विठ्ठल विठ्ठल म्हणावे. देवगिरीस यादवांचे राज्य होते. नेवाशास शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. पंढरीच्या वाळवंटात नामदेवरायांचे कीर्तन रंगे. त्या एका पिढीत माळी, शिंपी, सोनार, कुंभार, महार आपापल्या कामातच देव धरून बसले होते. त्यांत काकांचे काम सर्वांत मळलेले: गुडघाभर चिखल. त्यांचे उपलब्ध अभंग मोजकेच, विसाच्या आसपास आहेत. ते अभंग वाचताना असे वाटते की बोलणाऱ्याला बोलण्याची हौस नाही. आत काही भरले आहे आणि ते सांडू नये म्हणून तो जपून चालतो आहे.

आता पहिल्या राशीची कथा. काकांची पत्नी संती पाण्याला निघाली. रांगते मूल अंगणात ठेवून, याच्याकडे लक्ष ठेवा असे काकांना सांगून गेली. काका चिखल तुडवीत होते. नामाचा छंद लागला, डोळे मिटले, देहभान गेले. मूल बापाकडे रांगत आले, चिखलात शिरले आणि पायांखाली तुडवले गेले. संती घागर घेऊन परतली तो चिखल तांबडा झालेला.

श्रोतेजनहो, आम्ही तरुणपणी हा प्रसंग मोठ्या आवेशाने सांगत असू. केवढी ही तल्लीनता, असे म्हणून टाळ्या घेत असू. आज नातवंडे अंगाखांद्यावर खेळू लागल्यावर तो आवेश टिकत नाही. संतीचा आक्रोश कानांत घुमतो. तिने विठ्ठलाला दूषणे दिली, त्यात तिचे काय चुकले? मूल तिचे गेले होते. काकांनी रागाने तिच्यावर हात उगारला, तेव्हा तिने विठ्ठलाची आण घातली की मला शिवाल तर खबरदार. काकांनी ती आण जन्माची धरली. आमच्या अल्पमतीला वाटते, काकांना त्या घटकेपासून आपली तल्लीनता मिरवावी असे कधी वाटले नसेल. ज्या पायांनी देवासाठी माती तुडवली त्याच पायांनी पोर तुडवले, हे ज्याला कळले तो काय मिरवणार? म्हणून या कथेत थोरवी तल्लीनतेपाशी संपत नाही. थोरवी पुढे आहे: जे मातीत मिळाले त्याचा हिशेब देवाला द्यावा लागला. तो कसा दिला ते ऐका.

काका संतीला शिवत नाहीत, तेव्हा वंश पुढे कसा चालायचा, म्हणून संतीनेच आपली धाकटी बहीण रामी काकांस करून दिली. लग्नात सासऱ्याने सांगितले की दोघी मुलींना सारखेच वागवा. काकांनी तो शब्दही अक्षरशः घेतला: थोरलीला शिवत नाही, तर धाकटीलाही शिवणार नाही. दोघी बहिणी हताश झाल्या. एके रात्री काका झोपेत असताना त्यांनी त्यांचे हात उचलून आपल्या अंगावर ठेवून घेतले. जाग आली तेव्हा काकांना कळले की आण मोडली. दोष कोणाचा हे त्यांनी विचारले नाही. ज्या हातांनी आण मोडली ते हात त्यांनी तोडून टाकले.

आता विचार करा. कुंभार आणि त्याला हात नाहीत. गायकाला कंठ नसावा, तशी ही गत. चाक थांबले, आवा थंड पडला, घरात दाणा नाही. गावाच्या दृष्टीने काका आता तिसऱ्या राशीतले, तडकलेले मडके. पाणी राहायचे नाही, चुलीवर चढायचे नाही, बाजारात कोणी विचारायचे नाही. आणि बरोबर त्याच वेळी देव त्या घरी आला. महिपतीबोवांनी १७६२ साली पूर्ण केलेल्या भक्तविजयात ही कथा रसाळपणे आली आहे. पांडुरंग विठू कुंभार झाला, रखुमाई त्याची बाईल, गरुडाचे गाढव, आणि पोटापुरते द्या, काम करतो, म्हणून तो काकांच्या दारी राहिला. वैकुंठीचा राणा चिखल तुडवू लागला, मडकी घडवू लागला. काकांच्या हातची मडकी गावापुरती विकत. पण विठूच्या हातच्या मडक्यांना चहूकडून गिऱ्हाईक आले.

येथे एक शास्त्रविचार सांगतो. आमच्या पाठशाळेत यज्ञप्रकरण शिकवताना गुरुजी कपाल शब्दावर थांबत. पुरोडाश, म्हणजे यज्ञात देवतेला द्यावयाची भाकरी, ती सोन्याच्या ताटात भाजत नाहीत. मातीच्या खापरांवर भाजतात. अग्नीचा पुरोडाश आठ कपालांचा, अग्नीषोमांचा अकरांचा, अशी मोजदादही ठरलेली. म्हणजे ज्याला आपण खापर म्हणतो, ज्याच्या नावाने दुसऱ्यावर दोष ढकलतो, त्याच्या पाठीवरून देवाचा घास तयार होतो. अखंड घटाला हा मान नाही, कपालाला आहे. हात गेल्यावर काकांचे घर असे कपाल झाले. देवाने स्वतः येऊन राबावे असे ठिकाण हात असताना ते नव्हते. हात गेले तेव्हा झाले.

पुढे आषाढीस काका दोघी बायकांसह पंढरीस गेले. नामदेवरायांचे कीर्तन उभे राहिले. नामदेवांनी सर्वांना हात वर करून टाळी वाजवून नाम घ्यावयास सांगितले. हजारो हात वर गेले. काकांनीही आपले थोटे बाहू वर केले, आणि टाळी वाजली. हात परत आले होते. संतीचा ऊर दाटला. काकांचे हात आले, मग माझे मूल का नाही, असा हंबरडा तिने फोडला. तो गर्दीतून ते मूल रांगत रांगत तिच्याकडे आले. चिखलात गेलेले ते लेकरू देवाने पुन्हा घडवून आईच्या ओटीत घातले. पहिल्या राशीचा हिशेब झाला. कुंभार कच्ची मडकी पाण्यात टाकतो ती विल्हेवाट म्हणून नव्हे, पुन्हा घडवण्यासाठी, देवाचेही तसेच.

आता दुसरी रास. आमचे खरे काम तिच्याशी आहे.

संतांचा मेळा काकांच्या घरी जमला होता. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव, मुक्ताबाई, नामदेव आणि इतर भक्त. काका तेरेचे आणि वयाने वडील. मुक्ताबाईने काकांना विचारले की काका, तुम्हाला कच्चे पक्के मडके ओळखता येते ना, मग आमच्यातले कोण पक्के, कोण कच्चे, ते पाहता का? काकांनी थापटणे उचलले. मडके घडवताना आतून दगडाचा गोटा धरून बाहेरून ज्या लाकडी फळीने ठोकतात ते थापटणे. त्यांनी एकेकाच्या मस्तकावर थापटी मारली. सारे शांत बसले, कोणाचे मुखही वाकडे झाले नाही. नामदेवरायांची पाळी आली. थापटी बसताच ते कळवळले, रागावले. काकांनी निर्णय दिला की एवढे मडके कच्चे आहे.

ज्या हातांत ते थापटणे होते ते हात नामदेवांच्याच कीर्तनात परत आलेले. आम्ही कथा सांगताना हाच क्रम धरतो, आणि येथे दरवेळी थबकतो. उपकारकर्त्याला सभेत कच्चा म्हणावयाचे म्हणजे केवढे अवघड! लौकिकातला माणूस गप्प बसला असता, किंवा खोटेच खणखणीत म्हणाला असता. काकांनी खोटे सांगितले नाही. पण त्यांनी काय म्हटले आणि काय म्हटले नाही, दोन्ही पाहा. त्यांनी कच्चे म्हटले, फुटके म्हटले नाही. बद्द आवाज दोन्हींचा सारखा. काकांच्या अनुभवी कानाने त्यातला भेद धरला. नामदेवांत चीर नव्हती. प्रेम होते, निष्ठा होती, देव त्यांच्याशी बोलत होता. कमी होती ती एकाच गोष्टीची: आग, म्हणजे गुरूची. देव एकाच मूर्तीत आहे, एकाच पंढरीत आहे, आणि मी त्याचा लाडका, एवढा ओलावा आत राहिला होता.

नामदेव रडत पंढरीस गेले. लाडक्या लेकराप्रमाणे विठ्ठलाकडे गाऱ्हाणे केले. आई मुलाची बाजू घेते, पण विठाई बधली नाही. तिने काकांचाच निर्णय खरा ठरवला आणि गुरू कर म्हणून विसोबा खेचरांकडे धाडले. औंढ्या नागनाथाच्या देवळात विसोबा शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून निजले होते. नामदेवांनी हे अनुचित म्हणून हटकले. विसोबांनी सांगितले की मी म्हातारा, जेथे देव नाही तेथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय उचलीत तेथे पिंडी उमटे. तेव्हा आतला ओलावा आटला.

येथे आमच्या तर्कशास्त्रातला एक जुना वाद आठवतो. घट आव्यात जातो काळा, बाहेर येतो तांबडा. मधे काय घडते? वैशेषिक म्हणतात की आगीत तो घट परमाणूपर्यंत मोडतो आणि त्या भाजलेल्या परमाणूंचा नवा घट होतो. याला पीलुपाक म्हणतात. नैयायिक म्हणतात की घट तोच राहतो, त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून अग्नी आत शिरतो आणि रंग बदलतो, हा पिठरपाक. विद्यार्थी असताना हा वाद आम्हांस कोरडा वाटे. पण नामदेवांचे चरित्र लावून पाहा. विसोबांनी जुना नामदेव मोडून नवा केला काय? नाही. तोच नामदेव, तेच प्रेम, तीच विठ्ठलाची ओढ, तेच कीर्तन. फक्त रोमरोमांतून अग्नी आत शिरला. येथे आम्ही नैयायिकांच्या बाजूचे.

धर्मशास्त्रही हेच सांगते. मृन्मय पात्र अशुद्ध झाले तर ते पुनःपाकाने, म्हणजे पुन्हा भाजल्याने, शुद्ध होते असा निर्णय मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आहे. आजचे रसायनशास्त्र सांगते की माती सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापली की तिच्या कणांत बांधलेले पाणी निघून जाते आणि मग ती पुन्हा चिखल होत नाही. नागोठण्याला जाताना वाटेत पेण लागते. तेथील शाडूचे गणपती भाजत नाहीत, म्हणून पाण्यात विरतात आणि माती मातीला मिळते. भाजलेले तसे विरत नाही. म्हणून अर्धवट भाजलेल्याला मागे वाट नाही, पुढेच आहे. ज्याने एकदा गळ्यात माळ घातली, चार अभंग पाठ केले, वीणा हाती धरली, त्याला परत कोरी माती हो म्हणून सांगता येत नाही. त्याला आग द्यावीच लागते, आणि ती देणारा पाहिजे.

त्या कच्च्या मडक्याचे पुढे काय झाले? शके १२१८, इसवी सन १२९६ मध्ये ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली. त्याच वर्षी अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला आणि महाराष्ट्राचे दिवस फिरले. अशा काळी भागवतधर्माची पताका घेऊन नामदेवराय उत्तरेस गेले. पंजाबात घुमान येथे राहिले. त्यांची एकसष्ट पदे शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात आहेत. १३५० साली त्यांनी पंढरीच्या महाद्वारी समाधी घेतली, आणि वारकरी आजही त्या पायरीवर पाय न देता आत जातो. तेरेच्या त्या दिवशी काकांनी हे मडके फुटके म्हणून बाजूस फेकले असते, किंवा लाजेने पक्के म्हणून उजवीकडे ठेवले असते, तर? पहिल्याने मडके गेले असते. दुसऱ्याने त्यातले पाणी.

काका शके १२३९, चैत्र वद्य त्रयोदशीस, म्हणजे १३१७ साली, तेरेस समाधिस्थ झाले. तेरणेच्या काठी त्यांचे समाधिमंदिर आहे, जवळच काळेश्वर आहे, आणि चैत्रात तेथे यात्रा भरते. वर आम्ही वडीलपणाचा अर्थ पुढे येईल म्हणालो, तो हा. वडील म्हणजे नुसता वयाने मोठा नव्हे. आव्यावर पांघरलेल्या खापराप्रमाणे जो स्वतः तडे सोसून लहानांची ऊब राखतो तो वडील. मूल गेले, हात गेले, घर विस्कटले, असा माणूस संतांच्या मेळ्याचा काका झाला.

तेरेची आणखी एक मौज आहे. १९५८ साली पुराणवस्तुसंशोधक चापेकर यांनी तेथे उत्खनन केले. रामलिंगप्पा लामतुरे या तेरेच्या गृहस्थांनी मातीतून निघणाऱ्या जुन्या वस्तू जन्मभर गोळा केल्या आणि त्यांच्याच नावाने तेथे शासकीय संग्रहालय आहे. तेथे तगराच्या काळची मातीची खेळणी, मूर्ती आणि भांड्यांचे तुकडे आहेत. तगराचे राजे कोण, कोठे गेले? पण कोण्या कुंभाराच्या हातचे, कोणा बाईच्या कमरेवरून पडून फुटलेले मडके दोन हजार वर्षे टिकले, आणि रोमपर्यंतच्या व्यापाराची साक्ष द्यायला आज तेच उभे आहे. खापर इतके बोलते!

आता तो जुना धागा. सहा वर्षांपूर्वी याच सप्ताहात नागोठण्यास एक तरुण पहिल्याने कीर्तनास उभा राहिला होता. गळा गोड, ताल चांगला, पाठांतर बऱ्यापैकी. निरूपणात मध्येच तो गोंधळला, दृष्टान्त अर्धा राहिला, घाम फुटला. आम्ही श्रोत्यांत पुढे बसलो होतो. आम्ही उठलो, वीणा आपल्याकडे घेतली आणि चारचौघांत म्हणालो की हे मडके कच्चे आहे, यात पाणी राहायचे नाही. लोक हसले. आम्हांसही आपल्या बोलण्याचे कौतुक वाटले. त्यानंतर तो मुलगा कीर्तनास उभा राहिला नाही. टाळ घेऊनही आला नाही. त्या सकाळी आम्हांस तीन राशी दाखवणारा घरधनी त्याचाच बाप. मुलगा पलीकडे चाकावर बसला होता. आमच्या पाया पडला आणि पुन्हा चाकाशी गेला. बाप सहा वर्षांत आम्हांस एक शब्द बोलला नव्हता, त्या दिवशीही बोलला नाही. त्याने फक्त राशी दाखवल्या.

आमचे निदान चुकले नव्हते. मुलगा कच्चाच होता. पण आम्ही कच्च्याला फुटक्याच्या राशीत टाकले, आणि आग कोठे मिळेल ते सांगितले नाही. गोरोबाकाकांचे थापटणे आम्ही उचलले. विसोबांचा पत्ता आमच्या तोंडून निघाला नाही. आणि त्यात पुन्हा हे कुंभाराच्या लेकराला सांगितले! चूक चारचौघांत केली म्हणून ती चारचौघांतच कबूल करणे आले. त्या रात्रीच्या कीर्तनात काकांचे चरित्र सांगून झाल्यावर आम्ही ती सांगितली आणि हात जोडले. मुलगा मागे खांबाला टेकून बसला होता. बोलावले तरी तो पुढे आला नाही. आम्हीही आग्रह धरला नाही.

काल्याच्या दिवशी मात्र तो टाळकऱ्यांत आमच्या डाव्या हाताला येऊन उभा राहिला. एक चरण त्याच्याकडे दिला. दुसऱ्या ओळीला तो अडखळला, तेव्हा आम्ही हलकेच तीच ओळ धरली आणि मागून टाळकऱ्यांनी उचलली. कोणी हसले नाही. आषाढीला तो आमच्या दिंडीत चालणार आहे आणि चातुर्मासात आमच्याकडे राहून पाठ घेणार आहे. तो पक्का होईल की नाही, हे आज सांगता येत नाही. आवा उघडल्यावाचून ते कोणालाच कळत नाही. पण या खेपेस त्याला कडेला ठेवणार नाही, मधोमध ठेवू. रामकृष्णहरि.